मऊ बोलणाऱ्या माणसाला वसुली जमते का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, वय चोवीस, एक फायनान्स कंपनी पुण्यात कलेक्शनला, म्हणजे कर्जवसुलीला, घ्यायला तयार आहे, आणि आई म्हणते हे गुंडांचं काम, आपल्या घरात कुणी केलेलं नाही. शिवाय तुमचा आवाज चढत नाही, भांडण झालं की तुम्हीच आधी गप्प बसता. तर हे काम जमेल का, आणि वसुलीला माणूस नेमका कसा लागतो, हा तुमचा प्रश्न.

मी एकवीस वर्षं हेच करतोय. पहिली सहा वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या एका पतसंस्थेत, तिथे पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार गोळा करण्यापासून सुरुवात झाली आणि हळूहळू थकीत खाती माझ्या गळ्यात पडली. मग सात वर्षं गाड्यांच्या कर्जाची फिल्ड. आता आठ वर्षं पोरंपोरी हाताखाली आहेत, त्यांची निवड मीच करतो. त्यामुळे तुमच्यासारखी मुलं समोर बसलेली मी पुष्कळ बघितली आहेत.

आधी आवाजाचं सांगून टाकतो. मुलाखतीला दरवेळी एखादा तरी धिप्पाड गडी येतो. दंड दिसतील असा शर्ट, हातात कडं. म्हणतो, "साहेब, आपल्याला बघूनच पैसे काढतील." सुरुवातीला मीही अशांना घ्यायचो. पहिला महिना आकडे झकास येतात, तिसऱ्या महिन्यापासून घसरतात, सहाव्या महिन्यात गडी दुसरीकडे. कारण साधं आहे. कर्ज छत्तीस किंवा अठ्ठेचाळीस हप्त्यांचं असतं, त्याच दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्याच भेटीत ओरडून झालं तर दुसऱ्या भेटीला काय करणार? आणखी मोठ्याने ओरडणार? आता तर समोरच्याच्या खिशातला फोन रेकॉर्डिंगवर असतोच. गुंड पाठवून वसुली चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच प्रकाश कौर प्रकरणात बँकांना सुनावलंय. तेव्हा तुमच्या आईला ज्या कामाची भीती वाटते ते काम कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्यावर कुणाची नोकरी एकवीस वर्षं टिकत नाही.

मी मुलगा घेताना एकच बघतो. हा बोलतो तसं करतो का? मुलाखत झाली की सांगतो, "गुरुवारी अकरा चाळीसला मला फोन कर, तेव्हा कळवतो." बहुतेकांचा फोन बारा-सव्वाबाराला येतो. काहींचा शुक्रवारी येतो, "सर, काल जरा बाहेर होतो." अकरा चाळीसला ज्याचा येतो त्याला मी घेतो, मग तो तोतरा का बोलेना.

आमच्याकडे पीटीपी म्हणून प्रकार असतो, कर्जदाराने दिलेलं पैसे भरण्याचं वचन. दहा तारखेला पाच हजार देतो म्हणाला, की ॲपमध्ये टाकायचं: पीटीपी, दहा तारीख, पाच हजार. तारीख चुकली की 'ब्रोकन'. कर्जदाराच्या प्रत्येक शब्दाची नोंद होते. आपण दिलेल्या शब्दाचा रकाना कुठेच नाही. तो कर्जदाराच्या डोक्यात असतो, आणि तो कधी पुसला जात नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. गाड्यांच्या फिल्डवर होतो तेव्हाची गोष्ट. फुरसुंगीकडचा एक छोटा हत्ती टेम्पोवाला, हप्ता ११,४००, दोन हप्ते बाउन्स. ऑगस्ट महिना, सकाळपासून पाऊस. दार त्याच्या बायकोने अर्धंच उघडलं. "ते गावाला गेलेत." दाराशी पुरुषाच्या चपला होत्या, ओल्या, खाली पाण्याचा ओघळ अजून वाहत होता. नवीन मुलगा असता तर चपलेकडे बोट दाखवून म्हणाला असता, "मग ह्या कुणाच्या?" त्याने होतं काय? बाई खोटी पडते, नवरा आतून बाहेर येतो तो भांडायलाच, आणि चाळीतली चार दारं उघडतात. मी म्हटलं, "वहिनी, ते आले की सांगा, मी गाडी न्यायला आलो नव्हतो, हिशेबाला आलो होतो. उद्या साडेअकराला परत येतो."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दारात हजर. या वेळी दार त्याने स्वतः उघडलं. चहा आला. गाडीचा गिअरबॉक्स गेला होता, गॅरेजवाला अठरा हजार मागत होता. गाडी उभी तर भाडं नाही, भाडं नाही तर हप्ता नाही. हातात होते दहा हजार. मी म्हटलं, "हे गॅरेजला द्या. राहिलेले त्याच्याकडून उधारीवर करून घ्या. वीस तारखेला एक हप्ता द्या, तोवर तुमच्याकडे कुणी येणार नाही." त्याने मान हलवली. माझ्या मते यात कंपनीचाही फायदाच होता, चालती गाडी हप्ता देते, बंद गाडी यार्डात गंजते.

सतरा तारखेला दुपारी त्याचा फोन आला. महिनाअखेरची यादी वर गेली होती आणि ऑफिसने मला न विचारता गाडी उचलायचं काम दुसऱ्या एजन्सीला दिलं होतं. दुरुस्त होऊन गाडी गॅरेजबाहेर उभी राहिली होती, तिथूनच त्यांनी नेली. तो ओरडला नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही वीस तारीख म्हणाला होतात."

मला उत्तर सुचलं नाही. 'ऑफिसने केलं' हे खरं होतं, पण ते त्याला सांगण्यात काय अर्थ? त्याच्या दारात ऑफिस आलं नव्हतं, मी आलो होतो. त्याने सासुरवाडीतून पैसे आणले, यार्डाचं भाडं वर भरलं, गाडी सोडवली. पुढचे हप्ते भरले असतील, पण माझा फोन पुन्हा कधी उचलला नाही. दोष ऑफिसचा होताच, पण मोठा दोष माझा. जे पाळणं माझ्या हातात नव्हतं ते मी बोलून बसलो होतो. त्या दिवसापासून तारीख देण्याआधी मी मॅनेजरला मेसेज टाकतो, त्याचा होकार आला की मगच कर्जदाराला सांगतो. वेळ लागतो. समोरचा म्हणतो, "तुम्हाला एवढाही अधिकार नाही का?" नाही म्हणायचं. "विचारून सांगतो" म्हणायला लाज वाटत असेल तर हे काम तुमचं नव्हे.

आता तुम्ही म्हणता मी मऊ बोलतो. उत्तम. कमी बोलणारा माणूस कमी शब्द देतो.

दुसरी गोष्ट, लोकांच्या हातात पैसा कधी येतो याचं पंचांग डोक्यात पाहिजे. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत आणि माझ्या मते अर्धी वसुली यात आहे. नवीन पोरं सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, "कधी भरणार?" समोरचा तोंडाला येईल ती तारीख सांगतो, आणि ती चुकते. मी विचारतो, "तुम्हाला पैसे कोण देतं, आणि ते कधी देतं?"

भोसरी एमआयडीसीतला कंत्राटी कामगार घ्या. कंत्राटदार पगार सातला करतो, कधी दहाला, कधी त्याच्याही पुढे. त्याच्या खात्यावर कंपनीने हप्त्याची तारीख लावलीय पाच. मग दर महिन्याला बाउन्स होणार, दर महिन्याला दंड लागणार, आणि दर महिन्याला आपण त्याला थकबाकीदार म्हणणार. अशा वेळी त्याच्यावर चिडायचं नाही, हप्त्याची तारीख बदलायचा अर्ज भरून घ्यायचा. एक कागद, आणि खातं सुरळीत. भोसरी-चाकणकडे बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. रविवारी घरी जाल तर तो कामावर, गुरुवारी जाल तर निवांत बसून बोलेल.

मंडप-डेकोरेशनवाल्याकडे श्रावणात जाऊन उपयोग नाही, तेव्हा त्याचा पैसा बांबूत आणि कापडात गुंतलेला असतो. मंडळं हिशेब करतात अनंतचतुर्दशीनंतर, तेही रडतखडत. शाळेच्या व्हॅनवाल्याला मे महिन्यात पालक पैसे देत नाहीत. पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची मेस चालवणाऱ्या मावशींचं गणित परीक्षेच्या वेळापत्रकावर हलतं, पोरं गावी गेली की ताटं निम्मी. दौंड-बारामतीकडचा ऊसवाला गाळप सुरू झाल्याशिवाय मोकळा होत नाही. कायदा म्हणतो ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, पण प्रत्यक्षात कारखाना कधी देतो हे त्यालाच विचारायचं. उलट गोठेवाल्याला डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. त्याच्याकडून महिन्याचा हप्ता एकदम मागण्यापेक्षा दर बिलाला थोडे थोडे बाजूला टाकायला सांगितलं तर तो देतो. पिग्मीचं तत्त्व तेच होतं.

हे सगळं वहीत लिहून काढा. मी अजून कागदाची वही वापरतो, पोरं हसतात. नावापुढे लिहिलेलं असतं: 'मुलीची फी जूनमध्ये', 'भाऊ सौदीला, दर तीन महिन्यांनी पाठवतो', 'सासरे आयसीयूत होते, विचारणे'. शेवटची नोंद वसुलीची नाही असं वाटेल. पण पुढच्या वेळी "सासऱ्यांचं कसं आहे?" एवढं विचारलं की पहिली पाच मिनिटं वाचतात.

तिसरं, हिशेब. बी.कॉम. आहात म्हणून मुद्दाम सांगतो. खात्याचा उतारा वाचता न येणारी माणसं सर्रास वसुलीला पाठवतात. ॲपवर दिसणारा आकडा वाचायचा आणि मागायचा. तो आकडा कशाचा? मुद्दल किती, व्याज किती, बाउन्स चार्ज किती वेळा लागला, दंड कशावर? १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंड हा 'दंडव्याज' म्हणून लावता येत नाही, वेगळा आकार म्हणून लावावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोथरूडला एखादे निवृत्त काका असतात, मुलाच्या कर्जाला जामीन राहिलेले. चार पानी पत्र घेऊन बसतात, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. पोरं अशांना टाळतात. मला ते आवडतात. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर असतं, आणि बरोबर आहे ते मान्य केलं की उरलेले पैसे ते त्याच दिवशी भरतात.

एकदा धनकवडीला एका ताईंकडे गेलो होतो. शिलाई मशिनसाठी घेतलेलं छोटं कर्ज, तीन महिने एक हप्ता मागे दिसत होता. दर महिन्याला कुणीतरी येऊन बोलून जायचं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. सगळ्या पावत्या तिच्यात. काही ओल्या होऊन चिकटलेल्या, एकीवर हळदीचा डाग. मी उंबऱ्यावर बसलो, मोबाईलवर उतारा उघडला आणि एकेक पावती तारखेने लावत गेलो. अकरावी पावती, ४,५०० रुपये, रोख, खाली आमच्याच एका जुन्या मुलाची सही. उताऱ्यात ती रक्कम नव्हती. पैसे घेतले होते, भरले नव्हते, आणि मुलगा नोकरी सोडून गेला होता. म्हणजे तीन महिने आम्ही त्या बाईकडे तिने दिलेलेच पैसे पुन्हा मागत होतो. तिने एकदाही पावती का दाखवली नाही, असं विचारलं. म्हणाल्या, "कुणी बसलंच नाही हो. सगळे उभ्यानेच बोलून गेले."

पावतीचा फोटो तिथूनच पाठवला, चार दिवसांनी खातं दुरुस्त झालं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, रोख घेतली तर पावती तिथल्या तिथे आणि भरणा त्याच दिवशी. शक्यतो रोख घ्यायचीच नाही, लिंक पाठवायची किंवा क्यूआर दाखवायचा. रोखीला हात लागला की चांगला मुलगाही एखाद्या महिन्यात 'दोन दिवसांनी भरतो' म्हणतो, आणि तिथून पाय घसरतो.

कर्जाच्या कागदांचा राग आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळायला. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. ज्या कागदात काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही आणि दिलेले पैसे ज्यात जमा दिसत नाहीत, त्या कागदाचा राग तो. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. मी पोरांना ही गोष्ट सांगतो ती एवढ्यासाठीच, की उतारा दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि त्याची प्रत द्यायची.

आता उलटी बाजू. मऊ असणं आणि ढिलं असणं यांत फरक आहे आणि तुमच्या पत्रातली 'मीच आधी गप्प बसतो' ही ओळ मला जरा खटकली. पैसे असून न देणारे असतात. ते ओळखायचे कसे? फोनवर चिडणारा, "अहो नाहीत तर कुठून देऊ!" म्हणणारा बहुतेक वेळा खरंच अडचणीत असतो. गोड बोलणाऱ्याकडे लक्ष ठेवा. "हो हो साहेब, नक्की, उद्या बारापर्यंत टाकतो, तुम्ही कशाला त्रास घेतला!" एका केटरिंगवाल्याने मला सात आठवडे असं चहा-बिस्किटावर फिरवलं. लग्नसराई जोरात, दारात नवी मोठी गाडी, आणि भटारखान्याच्या सामानाचं कर्ज थकलेलं. आठव्या आठवड्यात मी आधी मॅनेजरशी बोललो, मग त्याला सांगितलं, "सोमवारी तुमचा चेक बँकेत टाकतोय. परत आला तर वकिलांची नोटीस निघेल." तो हसला. सोमवारी चेक टाकला, परत आला, त्याच आठवड्यात नोटीस गेली. चेकच्या कलम १३८ मध्ये बँकेकडून कळल्यावर तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, मग समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. चौदाव्या दिवशी पैसे आले. वर फोन, "अहो साहेब, एवढं काय मनावर घेतलंत!" मी एकदाही आवाज चढवला नव्हता. सोमवार म्हणालो होतो, सोमवारी केलं, बस.

पतसंस्थेत असाल तर हत्यारं वेगळी. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो आणि मग १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. पण 'दाखला काढतो' ही धमकी म्हणून वापरू नका. काढायचा असेल तर काढा, नसेल तर त्याचं नाव घेऊ नका.

जामीनदाराबद्दल दोन शब्द. कायद्याने तो कर्जदाराइतकाच बांधलेला असतो, आणि सही करताना त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. "नुसती सही पाहिजे, तुम्हाला काही भरावं लागणार नाही," हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्याच्याकडे पहिल्या भेटीत पैसे मागू नका. खातं कुठे आहे ते दाखवा, आणि विचारा की कर्जदाराशी तुम्ही बोलाल का. दोन मित्रांमधली लाज जे काम करते ते नोटीस करत नाही.

तोंड बंद ठेवता येणं हा गुण मी शेवटाकडे लिहितोय, पण नोकऱ्या सगळ्यात जास्त यावरूनच जातात. कर्ज हे त्या माणसाचं आणि संस्थेचं. शेजारी, बॉस, मुलं, वॉचमन यांचा संबंध नाही. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर रजिस्टर असतं, त्यात 'कामाचे स्वरूप' असा रकाना. आमच्या एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'कर्ज वसुली'. फ्लॅट नंबर शेजारीच. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं. तक्रार आली, आणि ती रास्त होती. 'वैयक्तिक' लिहायचं. आता गेटवर ॲप असेल तर नोटिफिकेशन घरातल्या कुणाच्या फोनवर जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी कर्जदाराला फोन करून मगच गेटवर जायचं. दारात दुसरं कुणी आलं तर, "दादा आहेत का? नंतर फोन करतो," एवढंच. कंपनीचं नावही घ्यायचं नाही.

वेळेचे नियम सोपे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही. मायक्रोफायनान्सला त्याहून कडक, नऊ ते सहा, आणि तिथे भेटही आधी ठरलेल्या जागी. बाई त्या जागी लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जाता येतं. दुपारी एक ते चार पेठांमध्ये बेल वाजवू नये, हा नियम रिझर्व्ह बँकेचा नाही, पण त्याचं उल्लंघन जास्त महागात पडतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, हे काम घरी येतं. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत फोन थांबत नाही, कारण थकबाकीला नव्वद दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धोक्याचं, ठरतं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. खोटं बोलण्याचा मोह याच चार दिवसांत होतो. "आज नाही भरलं तर उद्या पोलीस येतील," असलं काहीतरी तोंडातून निघतं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, ती संपल्यावर सप्टेंबरात आम्ही लोकांच्या दारात गेलो तेव्हा काही दारांवर फोटोला हार होता. तिथे काय बोलायचं हे मला अजून नीट येत नाही. विम्याची कागदपत्रं विचारायची, कारण कर्जाबरोबर विमा काढलेला असू शकतो आणि घरच्यांना ते माहीत नसतं. तेवढं काम होतं. बाकी गप्प बसायचं. तुमचं ते गप्प बसणं अशा ठिकाणी कामाला येतं. माझ्या टीममधल्या मुली हे मुलांपेक्षा चांगलं करतात. त्यांना दारातच पाणी विचारलं जातं, हेही एक कारण असेल.

मग हो म्हणावं का? मला विचाराल तर आधी त्या कंपनीला चार प्रश्न विचारा. ओळखपत्र आणि अधिकारपत्र पहिल्या दिवशी देता का, की 'येईल नंतर'? डीआरएची, म्हणजे वसुली एजंटची (डेट रिकव्हरी एजंट), परीक्षा कंपनी करून घेते का? इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ती घेते, पदवीधराला त्यासाठी पन्नास तासांचं प्रशिक्षण असतं. हप्ता पुढे ढकलायचा किंवा तारीख बदलायची तर कुणाला विचारायचं आणि उत्तर किती दिवसांत मिळतं? आणि पगारात पक्का भाग किती, इन्सेन्टिव्ह किती? सगळा पगार इन्सेन्टिव्हवर असेल तर जाऊ नका. अशा ठिकाणी महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तुम्ही काय बोलाल ते तुमच्या हातात राहत नाही. पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात का तेही विचारून घ्या. हडपसरहून निघून चाकणला एक व्हिजिट आणि परत, असं आठवड्यातून तीनदा झालं तर महिन्याच्या शेवटी वसुली करायला तुम्हालाच घरी हात पसरावे लागतील.